इटालियन शब्दांच्या शेपट्या

माझी विहीण माझ्या नातीला रोज गोष्ट वाचून दाखवते. हे दुःख मी कुणाला सांगायला गेले तर लोक म्हणतात, अहो, चांगलंच आहे की. चांगलं कुणाचं? नात सात वर्षांची, राहते इटलीत, नापोलीला. विहीणबाई त्याच इमारतीत एक मजला वर. मी इथे परळला, भोईवाड्यात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि मध्ये समुद्र किती ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. नातीला मराठीतलं एकच वाक्य येत होतं, "आजी, जेवलीस?" तेही ती दर रविवारी फोनच्या पडद्यावर म्हणायची आणि माझ्या उत्तराची वाट न बघता निघून जायची. मी भरल्या वांग्याचं वर्णन करत बसायचे आणि समोर रिकामी खुर्ची असायची.

मुलीला मी पुष्कळदा बोलले, पोरीशी मराठीत बोल. ती म्हणायची, "आई, दिवसभर ऑफिसमध्ये इटालियन, घरी इटालियन, माझंच मराठी आता जुळवून आणावं लागतं गं." तिच्यापुरता तो विषय मी सोडला. मनात विहीणबाईंशी माझं भांडण चालूच होतं.

त्या भांडणाला कारणही होतं. लग्न दादरला हॉलमध्ये झालं तेव्हा मी त्यांना मानाची पैठणी दिली होती. खरी, हातमागाची, मोरपंखी. पुढे एका रविवारी मुलगी फोन घेऊन वरच्या मजल्यावर गेली आणि मला त्यांचं घर दाखवू लागली. खिडकीला माझी पैठणी. पडदा म्हणून! मोर उलटे, पदर जमिनीकडे. मी त्या दिवसापासून त्या बाईंच्या प्रत्येक चांगल्या गुणाकडे त्या पडद्याआडूनच बघितलं.

तर मी ठरवलं, गोष्ट मीही वाचणार, आणि त्यांच्याच भाषेत वाचणार. जावयाकडून नातीच्या आवडत्या पुस्तकाच्या पानांचे फोटो मागवले. गोष्ट साधी होती. एका मेंढीला कुरणात गवत खायचा कंटाळा येतो, तिला माणसांसारखं टेबलाशी बसून साखर खायची असते, मग ती खिडकीतून स्वयंपाकघरात शिरते. मी अख्खी गोष्ट देवनागरीत उतरवून काढली. सरकारी कचेरीत चाळीस वर्षं नकला केल्या आहेत, उतरवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मेंढी म्हणजे पेकोरा, टेबल म्हणजे तावोलो, साखर म्हणजे झुक्केरो, खिडकी म्हणजे फिनेस्त्रा, स्वयंपाकघर म्हणजे कुचीना. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी दोन वाजता, तिकडच्या सकाळी, नातीला समोर बसवलं आणि सुरुवात केली. "पेकोराऽऽ," मी म्हटलं. नातीचे डोळे मोठे झाले. "तावोलोऽऽ. झुक्केरोऽऽ." तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. खांदे गदागदा हलायला लागले. मग तिने फोन टेबलावर आडवा टाकला आणि धूम ठोकली. मला दिसत होतं फक्त छत आणि छताला टांगलेला दिवा. मी वाचायची थांबले नाही. येईल परत, असं मनाशी म्हणत मी त्या दिव्याला सात पानं वाचून दाखवली. शेवटी मुलीचा चेहरा पडद्यावर आला. "अगं, ती वर पळाली. थांब हं, ती..."

मी थांबले नाही. वर म्हणजे कुठे ते मला कळत होतं. पैठणीकडे. मी फोन बंद केला, मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. सहासष्टाव्या वर्षी सात वर्षांच्या पोरीने हसावं याचं रडू नव्हतं ते. मला तिची आजी व्हायचं होतं आणि मी तिच्या फोनमधली एक मजेशीर बाई झाले होते. मुलीने नंतर दोनदा तो विषय काढायचा प्रयत्न केला. मी तिला बोलूच दिलं नाही. माझा स्वभाव तापट आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्याचा कधीकधी असा उपयोग होतो.

दादरला आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक चिठ्ठी कित्येक महिने लावलेली होती. "इटालियन शिकवू. येताना पेन्सिल आणावी. पेन चालणार नाही." पत्ता शिवाजी पार्कचा होता. मी पेन्सिल घेतली आणि गेले.

बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. तरुणपणी इटलीत शिकलेल्या, मग जन्मभर गाणाऱ्यांना इटालियन उच्चार शिकवले, आता तळमजल्यावरच्या जुन्या फ्लॅटमध्ये एकट्या. खिडकीबाहेर नेट्समध्ये बॅटवर चेंडू आपटल्याचा आवाज सतत येत होता. त्यांनी चहा विचारला नाही. म्हणाल्या, "वाचा."

मी मेंढीचं पहिलं पान वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग उघडले.

"राहता कुठे?"

"भोईवाड्यात."

"चाळ?"

"हो."

"कितवा मजला?"

"तिसरा."

"तरीच," बाई म्हणाल्या. "तुम्ही शब्द वाचत नाही आहात. शब्द खाली अंगणात खेळतायत आणि तुम्ही त्यांना गॅलरीतून जेवायला वर बोलावताय."

मला राग आला आणि त्याच क्षणी पटलंही. चाळीत जन्म काढलेल्या माणसाची हाक शेपटीवर असते. काकीऽऽ, भाजीवालेऽऽ, पाणी आलंऽऽ. सुरुवातीला कितीही जोर लावा, तो दुसऱ्या मजल्याशीच संपतो. शेवटचं अक्षर ताणलं तरच ते खालपर्यंत पोचतं. मला वाटत होतं मी इटालियन अगदी छान, भावपूर्ण वाचतेय. प्रत्यक्षात मी मेंढीला, टेबलाला आणि साखरेच्या डब्याला हाका मारत होते.

बाईंनी पेन्सिलीने शब्द कापायला लावले. प्रत्येक शब्दाचे तुकडे, मध्ये आडवी रेघ. पे-को-रा. ता-वो-लो. दोन सारखी अक्षरं शेजारी आली की मधून सुरी फिरवायची, झुक्-के-रो, नोन्-ना, म्हणजे आजी. पण फिनेस्त्रा कापायला मला दिला तेव्हा मी फि-नेस्-त्रा केला आणि बाईंनी पेन्सिल काढून घेतली. "फि-ने-स्त्रा. तो स पुढच्याच्या घरी राहतो." मी विचारलं, "मग पास्ता?" "पा-स्ता." म्हणजे आयुष्यभर दादरला स्टेशनसमोर मी पास्-ता खात आले तो सगळा चुकीच्या जागी मोडलेला.

तुकडे झाले की त्यातल्या एकाखाली रेघ मारायची. जोर तिथे. "एका शब्दात एकच वरमाय," बाई म्हणाल्या. "मान तिला एकटीला. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं, पुढे पुढे करायचं नाही."

आता मी मुलीकडची. वधूमायेला हे ऐकवायचं? पण मी रेघ मारली.

"वरमाय कोण ते ओळखायचं कसं? नियम काय?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा शेवटून दुसरी. त्यांना सपाट शब्द म्हणतात. कु-ची-ना, फि-ने-स्त्रा. काहींत शेवटून तिसरी. ते घसरडे शब्द. पे-को-रा, ता-वो-लो, झुक्-के-रो, तिन्ही घसरडे. आणि काहींत अगदी शेवटची. ते तुटके. काफ्-फे, कॉफी."

"सपाट कुठला आणि घसरडा कुठला, हे लिहिलेलं कुठे असतं?"

"तुटक्यांवर खूण असते. बाकीच्यांवर नाही. पाठ करायचं."

मी म्हटलं, नियम नाही म्हणजे काय? एवढा मोठा देश, परिपत्रक काढलं असेलच कुणीतरी. बाई प्रथमच हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मग मी घरी पाठांतर सुरू केलं. सगळ्यात चांगलं पाठांतर गवार मोडताना व्हायचं. एक शेंग, तीन तुकडे. पे, को, रा. पहिला तुकडा मोठा मोडायचा, म्हणजे जोर पहिल्यावर. टेबल झालं, साखर झाली. कुचीनाला मधला तुकडा मोठा. त्या दिवसांत आमच्याकडची गवारीची भाजी कुठे लांबट, कुठे बारीक अशी व्हायची, आणि मीच एकटी खाणारी असल्यामुळे तक्रार कोण करणार?

तक्रार शेजारणीने केली. ती मालवणची, भिंत एकच, आणि तिला माझी शिंकही ऐकू जाते. एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. "काय गो बाय, सकाळधरून कोणाक शिव्या घालतंस? माका सांग, मी पण घालतंय."

मी तिला सगळं सांगितलं, मेंढी, टेबल, विहीणबाई, पैठणीचा पडदा. पैठणीपाशी तिने कपाळावर हात मारला आणि त्या दिवसापासून ती माझ्या बाजूने झाली. रोज दुपारी येऊन माझी तपासणी घ्यायची. तिला इटालियनचं एक अक्षर येत नव्हतं, पण शेपटी ताणली की तिला बरोबर कळायचं. "ताणलंस!" ती ओरडायची. "परत म्हण."

चार महिने गेले. सपाट शब्द जमले. घसरडे मात्र घसरतच राहिले. आज पेकोरा बरोबर आली की उद्या साखर चुकायची. आणि त्यावर बाईंनी आणखी एक जात काढली, ज्यात जोर शेवटून चौथ्यावर. ते-ले-फो-ना-नो, म्हणजे ते लोक फोन करतात. वरमाय ले, आणि तिच्यामागून तीन जणी पायऱ्यांवरून गडगडत खाली. मी पेन्सिल ठेवली आणि म्हटलं, त्या लोकांनी फोन करूच नये. त्या दिवशी मी खरंच सोडून द्यायच्या विचारात होते. बसस्टॉपवर बसून मनाशी म्हटलंही, राहू दे, होईल ती विहीणबाईंचीच नात.

त्या रविवारी फोन लावला तेव्हा नात चित्रांच्या वर्गाला गेली होती. मुलगी मला घेऊन वरच्या मजल्यावर गेली, कारण खाली नळाचं काम चाललं होतं. विहीणबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी दोरीला बांधलेली टोपली खाली चौकात सोडली होती. मला मनात म्हणावं लागलं, अगदी आमच्यासारखी. आमच्याकडेही वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या भाजीसाठी पिशवी अशीच सोडतात. जावई खाली असावा, त्याने टोपलीत पाव ठेवायचा होता आणि तो कुणाशी तरी गप्पा मारत राहिला होता. विहीणबाईंनी पैठणी बाजूला सारली, हळूच सारली हे मी पाहिलं, आणि जावयाला हाक मारली.

जावयाच्या नावाचे तुकडे चार आहेत. त्यांनी तिसऱ्यापर्यंत आणलं आणि तिथेच कुऱ्हाड घातली. चौथा तुकडा गायब. मग शेजारच्या कुणाला तरी हाक मारली, तीही अशीच मध्येच तोडलेली. जोराचं अक्षर आलं की खल्लास, पुढचं नाव ज्याचं त्याने समजून घ्यावं.

मी फोनला नाक लावलं. आम्ही शेपटी ताणतो आणि हे लोक शेपटी तोडतात! आणि तोडतात नेमकी वरमायेच्या मागे. म्हणजे नियम होता, परिपत्रक होतं, फक्त ते खिडकीतून काढलं जात होतं.

"विहीणबाईंना सांग," मी मुलीला म्हटलं, "टेबलाला हाक मारा."

"आई? टेबलाला?"

"मारू दे ना. समज टेबल खाली चौकात खेळतंय आणि जेवायची वेळ झालीय."

मुलीने चाचरत भाषांतर केलं. विहीणबाईंनी माझ्याकडे नीट रोखून पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि भर चौकात आरोळी ठोकली, "ता!"

समोरची एक खिडकी उघडली.

"मेंढी," मी म्हटलं.

"पे!"

आणखी दोन खिडक्या उघडल्या. साखरेला त्यांनी "झु!" केलं, स्वयंपाकघराला "कुची!", आणि खिडकीतून खिडकीलाच "फिने!" कॉफीची हाक मात्र अख्खी निघाली, तोडायला मागे काही उरलंच नव्हतं. तोपर्यंत समोरचा एक म्हातारा बनियनवर बाहेर येऊन विचारत होता की बाईंना बरं आहे ना. विहीणबाईंना हसू आवरेना, त्यांनी पैठणीच्या पदराने डोळे पुसले. मीही हसत होते. मग त्यांनी मुलीला काहीतरी सांगितलं. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, या पडद्याबद्दल अख्खा चौक विचारतो. कपाटात ठेवला असता तर कुणी बघितला असता?"

माझ्या कपाटातल्या चार पैठण्या कुणी कधी बघितल्या होत्या?

त्यानंतर दर रविवारी नात चित्रांच्या वर्गाला गेली की आमची शिकवणी चालायची. पोरीला सांगायचं नाही, अशी आमची शपथ होती. मी शब्द द्यायचे, विहीणबाई आरोळी द्यायच्या, मी पेन्सिलीने रेघ मारायचे. शिवाजी पार्कला बाईंना ही रीत सांगितली तर त्या म्हणाल्या, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" आणि मी स्वच्छतागृहात जाऊन आले तेवढ्यात त्यांनी ते वहीत लिहून ठेवलेलं मी बघितलं.

डिसेंबरच्या सुट्टीत मुलगी, जावई आणि नात भोईवाड्याला आली. मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, गॅलरीत चटई टाकली, नातीला शेजारी बसवलं. मुलीने छापील पुस्तकच आणलं होतं. शेजारीण दारात तांदूळ निवडत बसली, निवडत काहीच नव्हती.

मी वाचलं. एकही शेपटी ताणली नाही. पेकोरा घसरली ती बरोबर जागी घसरली, तावोलो, झुक्केरो, सगळे आपापल्या वरमायेमागे निमूट उभे. कुठे अडले नाही. मुलगी आतून येऊन चौकटीला टेकून ऐकत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते पाहून मला वाटलं, झाले मी आजी.

नात शेवटपर्यंत शहाण्यासारखी बसून होती. गोष्ट संपली तेव्हा ती "छान" म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं. मग थोडं थांबून, मला कळावं म्हणून हळूहळू, तिच्या भाषेत म्हणाली, "ही नोन्नाची झाली. आता तुझी वाच."

"माझी? माझी कुठली?"

ती उठून उभी राहिली, मान मागे टाकली आणि म्हणाली, "पेकोराऽऽ!"

मी मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "आई, मी तेव्हाच सांगत होते. तू फोन बंद केलास. ती नोन्नाला आणायला वर पळाली होती. हात धरून ओढत घेऊन आली, लवकर चल, भारतातली आजी मेंढीला हाका मारतेय. दोघी धापा टाकत आल्या तर तू गेलेली. नोन्नाला त्यानंतर ती रोज सांगते, आजीसारखी वाच. त्यांना ते जमतच नाही. तुमची शिकवणी एवढी रंगली की मग मलाच सांगवेना."

आठ महिने. पेन्सिली संपल्या, गवारीची भाजी बिघडली, बसचा पास काढला, आणि एवढ्या खटाटोपाने मी जी झाले ती दुसरी विहीणबाई. एक तर तिच्याकडे होतीच. मला माझाच राग आला. एक मिनिट थांबले असते तर?

"वाच ना," नात म्हणाली.

मी पहिलं पान उघडलं. तोंड उघडलं. "पे," म्हटलं, आणि शब्द तिथेच तुटला. को आणि रा आले ते लहान, भेदरलेले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेपटी येईचना! चाळीत जन्म गेला माझा, आणि मला हाक मारता येत नव्हती.

नातीने मान हलवली. माझ्यासमोर मांडी घालून बसली, बोट वर केलं आणि बाईंच्या वरताण शिकवायला लागली. "पे. को. राऽऽ." शेवटच्याला बोट लांबवर कठड्यापलीकडे न्यायचं.

"पे. को. रा."

"नाही. राऽऽ."

"अगो, ह्यात काय कठीण असा?" शेजारणीने सूप खाली ठेवलं. "उभी ऱ्हव. खाली बघ. आणि बोलव तिका."

मी उभी राहिले. कठडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली अंगणात बघितलं. छाती भरून श्वास घेतला. "पेकोराऽऽऽ!"

खाली इस्त्रीवाल्याने वर बघितलं. "काय पाठवू, काकी?"

"काही नाही," मी ओरडले. "मेंढीला जेवायला बोलावतेय!"

नात खदखदून हसत होती, पण या वेळी ती कुठे पळाली नाही. मी खाली बसल्यावर ती माझ्या मांडीत येऊन बसली, पुस्तक माझ्या हातात नीट धरवलं आणि मराठीत म्हणाली, "आजी, वाच."